पैशा-पैशाने उभी राहिलेली शाळा

सकाळची लोणावळा-पुणे लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी एकेक स्टेशन घेत तळेगावला येते, तोवर डबा दप्तरांनी भरलेला असतो. पावसाळ्यात यातल्या कितीतरी मुलांच्या चपलांना शेतातला चिखल असतो. घरी भातलावणी चालू असली की पहाटे रोपांच्या मुठी बांधून द्यायच्या, हातपाय धुवायचे आणि गाडी गाठायची, हा मावळातल्या शाळकरी पोरांचा शिरस्ता आहे. तळेगाव दाभाडे आलं की डबा एकदम रिकामा होतो. पुलावरून ही गर्दी उतरताना पाहिली की वाटतं, या तालुक्यातलं हे गाव शाळेचंच गाव आहे.

बाहेरच्यांना तळेगाव वेगळ्या कारणांनी ठाऊक असतं. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांचं हे गाव, उमाबाई दाभाड्यांचं हे गाव. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून निघालेली इंग्रज फौज इथवर आली, समोर रिकामं केलेलं, जाळलेलं गाव पाहिलं आणि मागं फिरली. मग वडगावला तिला तह करावा लागला. लेखक गो. नी. दांडेकरांनी, म्हणजे गोनीदांनी, इथं राहून लिहिलं. आता औद्योगिक वसाहत आहे, उंच इमारती आहेत. पण या सगळ्यांत एका शाळेची आणि तिच्याच काळातल्या एका काचकारखान्याची गोष्ट मागं पडली आहे. ती मला इथल्या कुठल्याही गढीइतकीच मोलाची वाटते.

गोष्ट सुरू होते एका नाण्यापासून. त्या काळचा पैसा म्हणजे पाव आणा. आधी तांब्याचा, मग काशाचा, वर एडवर्ड बादशहाचं तोंड. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. अंताजी दामोदर काळे या माणसाच्या मनात आलं की प्रत्येकानं वर्षाला असा एकच पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. हिशेब करून पाहा. एक रुपया जमायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा. हजार रुपये हवे असतील तर चौसष्ट हजार माणसं गाठायची. एखाद्या संस्थानिकाकडून एका सहीत मिळाली असती अशी ही रक्कम. पण काळ्यांना रकमेबरोबर माणसंही हवी होती. ज्यानं पैसा दिला तो उद्या विचारणार की आमच्या पैशाचं काय झालं, आणि हे विचारणं हाच त्या योजनेचा जीव होता. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि स्वदेशीच्या लाटेत पैसाफंड घरोघरी पोचला.

या फंडातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. काचच का, असं आज कुणी विचारेल. तेव्हा घरात दिवा लावायचा म्हटलं तर त्याची चिमणी बहुतेक परदेशातून आलेली असे, बाईच्या हातातला चुडाही बहुधा बाहेरूनच येई. म्हणजे सौभाग्याची बांगडी आणि देवघरापुढचा उजेड, दोन्ही परक्याच्या भट्टीतले. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे कारखान्याचे पहिले व्यवस्थापक झाले. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचा, लोखंडी नळीच्या टोकावर तो लालभडक गोळा घ्यायचा, नळी फिरवत फिरवत फुंकर घालायची. फुंकर जोराची झाली तर भिंत पातळ होऊन फुटते, कमी पडली तर एका बाजूला जाड राहते. मनाजोगी चिमणी उतरली तरी काम संपत नाही. ती तशीच उघड्यावर ठेवली तर काही वेळानं आपोआप तडकते. म्हणून तिला दुसऱ्या, मंद भट्टीत सावकाश निववायची. हे पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्या कारागिराशेजारी उभं राहून, हात भाजून घेऊनच शिकावं लागतं. तळेगावचा कारखाना मुळात यासाठीच होता. माल विकून नफा मिळवण्याइतकंच माणसं तयार करणं त्याला महत्त्वाचं होतं. इथं शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले. म्हणून मी या कारखान्यालाही शाळाच म्हणते.

आणि खरी शाळाही त्याच वर्षांत तळेगावात आली होती. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर, लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक, 'ग्रंथमाला' मासिकाचे संपादक. मराठीतून सगळं ज्ञान देता येतं, द्यायला हवं, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. वंगभंगानंतर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री पुढे आली. त्यातलं चौथं सूत्र हाती घेऊन १९०६ च्या सुमारास अण्णासाहेबांनी समर्थ विद्यालय काढलं. कोल्हापुरात सुरू झालेली ही शाळा मिरजेमार्गे तळेगावात स्थिरावली. सरकारी अनुदान नाही, सरकारी अभ्यासक्रम नाही, सरकारी तपासनीस नाही. शिकवायचं मराठीतून, हाताला उद्योग द्यायचा, शरीर कमवायचं. अशा शाळेतून सरकारी नोकरीची वाट निघत नव्हती, हे आईबापांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मुलं पाठवली. आज शाळा निवडताना आपण पुढचं कॉलेज आणि त्यापुढची नोकरी मोजून ठेवतो. त्या आईबापांनी काय पणाला लावलं होतं ते या जागी उभं राहिल्यावर समजतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांच्या घरचे विधी वैदिक मंत्रांनी व्हावेत की नाही या वादात, अण्णासाहेब आणि शाहू महाराज यांच्या बाजू वेगळ्या होत्या. महाराज त्याच काळात कोल्हापुरात जातीजातींसाठी वसतिगृहं उघडत होते, आणि १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. राष्ट्रीय शिक्षणातलं राष्ट्र कुणाकुणाचं, हा प्रश्न तेव्हा उभा होता आणि त्याचं उत्तर शाहू महाराजांकडे अधिक स्वच्छ होतं, असं माझं मत आहे. तळेगावच्या शाळेचं मोठेपण मान्य करताना हे लपवायचं कारण नाही.

शाळेला वर्षं मिळाली मोजकी, आणि तीही वादळाची. जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली, जुलैत सहा वर्षांची शिक्षा. त्याच वर्षी अण्णासाहेबांच्या 'विश्ववृत्त' मासिकात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरचा लेख छापून आला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला आणि संपादक म्हणून अण्णासाहेबांना तीन वर्षांची कैद झाली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, सरकारचा हात आणखी कडक झाला, आणि १९१० साली समर्थ विद्यालय बंद पाडण्यात आलं. संस्थापक तुरुंगात, शाळेला टाळं. मुलं आपापल्या गावी परतली.

इथं बहुतेक शाळांची गोष्ट संपली असती. पण तुरुंगातून सुटल्यावर पुढे अण्णासाहेबांनी पुन्हा तळेगावातच शाळा उभी केली. ती नवीन समर्थ विद्यालय. १९२६ साली ते गेले, शाळा राहिली. आज नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ ती चालवतं. 'नवीन' आणि 'नूतन', दोन्ही शब्द इतके रोजच्या वापरातले आहेत की त्यांच्या आधी काही जुनं होतं, ते कुणीतरी बंद केलं होतं, हे आता कानाला जाणवत नाही. या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात आपल्या शाळेच्या नावातल्या या 'नवीन'ची गोष्ट सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

मावळात अशी गोष्ट एकच नाही. लोकलनं उलट दिशेला लोणावळ्याला गेलं की कैवल्यधाम लागतं. योग शिकायला देशोदेशीची माणसं येतात ते हे ठिकाण. त्याचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, आधी शिक्षकच होते. खानदेशात अमळनेरला त्यांनी शिकवलं, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले, आणि १९२३ मध्ये सरकारनं ते महाविद्यालय बंद केलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची मुहूर्तमेढ रोवली आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. उड्डियान बंध करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, आतला दाब मोजला. ज्या विद्येबद्दल लोक फक्त श्रद्धेनं बोलत, ती त्यांनी मोजपट्टीखाली आणली आणि मग शाळांतल्या शारीरिक शिक्षणापर्यंत नेली. १९५० साली इथं योगाचं महाविद्यालय निघालं. २०२४ साली संस्थेनं शंभरी गाठली. अमळनेरचं बंद पडलेलं महाविद्यालय आणि लोणावळ्याचं हे आवार यांच्यामध्ये एकाच वर्षाचं अंतर आहे, हे लक्षात घेतलं की तळेगाव आणि लोणावळा ही दोन स्टेशनं एकाच ओळीत बसतात.

गावानं शाळा आपली मानायची ही रीत जुन्या काळाबरोबर गेली, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी मावळाला लागून असलेल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरला जाऊन यावं. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा, पट कमी होत होत बंद पडायच्या बेतात आलेली. शिक्षक आणि गावकरी एकत्र आले, शाळा सावरली, मुलंच मुलांना विषय शिकवू लागली. २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत ही शाळा समाजाच्या सहभागाच्या गटात अंतिम दहांत पोचली आणि लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिनं मिळवला. त्या बातमीनं आपण सगळे हरखलो, आणि हरखावं अशीच ती बातमी होती. फक्त एवढंच वाटलं की शेजारच्या तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पिढीनं पैसा-पैसा गोळा करून असंच काही केलं होतं, तेही त्याच दमात सांगायला हवं होतं.

तळेगावला जायचं असेल तर शाळेच्या दिवशीच जा. स्टेशनवर उतरा, सकाळच्या गर्दीतल्या कुठल्याही मुलाला नवीन समर्थ विद्यालय विचारा. ते बोट दाखवून थांबणार नाही, बरोबर चालत येईल, कारण त्यालाही तिकडेच जायचं असेल किंवा त्याचा भाऊ तिथं असेल. वाटेत त्याला पैसाफंड हा शब्द माहीत आहे का ते विचारून पाहा. आजोबा असतील घरात, तर माहीत असण्याची शक्यता आहे.

याच मंडळाचं अभियांत्रिकी महाविद्यालयही आता तळेगावात आहे. दर उन्हाळ्यात प्रवेशाच्या वेळी कुठून कुठून आलेली मुलं अर्जावर त्याचा पत्ता लिहितात: समर्थ विद्या संकुल, विष्णुपुरी, तळेगाव दाभाडे. समर्थ म्हणजे ती टाळं लागलेली शाळा. आणि अण्णासाहेबांचं नाव होतं विष्णू.