अध्यापक कोण ठरवतो?

अमेरिकेतील कोणत्याही लॉ स्कूलच्या वार्षिक वृत्तांतात ठरावीक बातम्या असतात. कोणी प्राध्यापक रुजू झाले, कोणी निवृत्त झाले, एखाद्याला कायमपद मिळाले, एखादीची न्यायाधीशपदी नेमणूक झाली, माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून नवे अध्यासन सुरू झाले. कॅथलिक लॉ स्कूलमध्ये या बातम्यांचे वजन वाढते. करारांचा कायदा, पुराव्याचा कायदा, दिवाणी प्रक्रिया हे विषय तिथेही इतर ठिकाणांसारखेच शिकवले जातात आणि वकिलीची परीक्षाही त्या राज्यातल्या सगळ्यांना एकच असते. मग वेगळेपण उरते ते मुख्यतः शिकवणाऱ्यांत. त्यामुळे अशा संस्थांवरचे बहुतेक वाद ‘किती अध्यापक कॅथलिक असावेत’ या संख्येपाशी येऊन अडतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. अध्यापकाला नेमायचे, ठेवायचे की काढायचे हे कोण ठरवते आणि कोणत्या रीतीने ठरवते, यावरून संस्थेच्या श्रद्धेची अधिक खरी पारख होते.

या संस्था कोणा तत्त्वज्ञाच्या आराखड्यातून उभ्या राहिल्या नाहीत. नोटर दामचे लॉ स्कूल १८६९चे, जॉर्जटाउनचे १८७०चे. पण मोठी लाट आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. न्यूयॉर्कमध्ये फोर्डम १९०५ साली आणि शिकागोत लोयोला १९०८ साली सुरू झाले. आयरिश, इटालियन, पोलिश स्थलांतरितांची मुले दिवसा नोकरी करत आणि रात्री कायदा शिकत. प्रतिष्ठित वकीलवर्गाला ही रात्रशाळांची गर्दी खुपत होती. १९२१ साली एलिहू रूट यांच्या समितीच्या शिफारशीवरून अमेरिकन बार असोसिएशनने लॉ स्कूलमध्ये प्रवेशापूर्वी दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आग्रह धरला, त्यामागे दर्जाच्या काळजीबरोबर हा आकसही होता. जॉन ब्रीन आणि ली स्ट्रँग यांनी या संस्थांचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. त्यातून दिसते ते असे, की ही लॉ स्कूल्स विद्यार्थ्यांमुळे आणि शिक्षकांमुळे कॅथलिक होती, अभ्यासक्रमामुळे फारशी नव्हती. नोटर दाममध्ये १९४७ साली निसर्गदत्त कायद्याच्या, म्हणजे माणसाने केलेल्या कायद्याआधीच्या नैतिक नियमांच्या, अभ्यासासाठी संस्था निघाली, असे काही प्रयत्न झाले. पण त्यांनी रोजचा वर्ग बदलला नाही. १९९० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘एक्स कॉर्दे एक्लेझिए’ या आदेशपत्रात कॅथलिक विद्यापीठात कॅथलिक नसलेल्या अध्यापकांचे बहुमत होऊ देऊ नये असे सांगितले, आणि संख्येच्या वादाला आधार मिळाला.

या वादाची कसोटी पाहणारी संस्था लवकरच निघाली. डॉमिनोज पिझ्झाचे संस्थापक टॉम मोनाहन यांनी १९९८ साली कंपनी विकली आणि त्या पैशातून मिशिगनमधील ॲन आर्बर इथे ‘आवे मारिया’ लॉ स्कूल काढले. वर्ग २००० साली सुरू झाले. चर्चची शिकवण मनापासून मानणारे लोक तिथे एकत्र आले. काही संस्थापक-अध्यापक डेट्रॉइटच्या दुसऱ्या कॅथलिक लॉ स्कूलमधली नोकरी सोडून आले होते, रॉबर्ट बोर्क यांच्यासारखे नामांकित विधिज्ञ शिकवत होते, आणि पहिल्या तुकड्यांचे वकिलीच्या परीक्षेतले निकाल उत्तम होते. २००५ साली बार असोसिएशनची पूर्ण मान्यता मिळाली. संख्येच्या हिशेबाने याहून कॅथलिक लॉ स्कूल सापडणे अवघड होते. तरीही पुढच्या दोन वर्षांत ते आतून फाटले. मोनाहन फ्लोरिडात एक नवे गाव वसवत होते आणि लॉ स्कूल तिकडच्या भागात न्यावे अशी त्यांची इच्छा होती. अध्यापकांपैकी बऱ्याच जणांचा त्याला विरोध होता. २००६ साली अध्यापकवर्गाने अधिष्ठात्यांवर अविश्वास व्यक्त केला. २००७ साली विश्वस्त मंडळाने स्थलांतराचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी एका संस्थापक-अध्यापकाचे कायमपद काढून घेण्यात आले आणि आणखी दोघांना कायमपद नाकारले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००९ साली तडजोडीने मिटले. त्याच वर्षी उन्हाळ्यात शाळा फ्लोरिडातील नेपल्सला हलली.

या भांडणात सिद्धान्ताचा मतभेद जवळजवळ नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. गर्भपात, विवाह, निसर्गदत्त कायदा यांबद्दल दोन्ही बाजू एकाच मताच्या होत्या. प्रश्न होता तो संस्थेच्या भवितव्यात अध्यापकांचे म्हणणे ऐकले जाणार की नाही, आणि विरोध करणाऱ्याचे पद सुरक्षित राहणार की नाही, हा. पैसा ज्याचा, शब्द त्याचा, असे कोणी म्हणेल. देणगीदाराला हेतू ठरवण्याचा हक्क आहे हे मला मान्य आहे. पण चालत्या नोकऱ्या सोडून आलेल्या माणसांना कायमपदाचे वचन दिले गेले होते, आणि वचन पाळणे ही कायद्याच्या शाळेत पहिल्या सत्रात शिकवायची गोष्ट. शिवाय चर्चचा स्वतःचा कायदाही इथे गप्प नाही. १९८३च्या चर्च-संहितेतील पन्नासावे कलम सांगते, की वैयक्तिक आदेश काढण्यापूर्वी अधिकाऱ्याने आवश्यक माहिती घ्यावी आणि ज्यांच्या हक्कांना बाधा पोहोचेल त्यांचे शक्यतो ऐकून घ्यावे. हे कलम लॉ स्कूलच्या विश्वस्तांना बंधनकारक नसेल, पण नैसर्गिक न्याय हा बाहेरून लादलेला ऐहिक विचार आहे असे म्हणण्याची सोय ते ठेवत नाही.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. सगळा भर प्रक्रियेवर दिला तर धर्म हळूहळू विरून जाईल. जेम्स बर्टचेल यांनी १९९८ सालच्या ग्रंथात चर्चने स्थापलेली अनेक अमेरिकन महाविद्यालये चर्चपासून कशी दुरावली ते दाखवलेच आहे. ही भीती खरी आहे. उत्तर मात्र नेमणुकीत शोधावे, बडतर्फीत नाही. नोटर दामने जॉन फिनिस यांच्यासारख्या निसर्गदत्त कायद्याच्या मोठ्या अभ्यासकाला १९९५ साली आणले, आपलीच माजी विद्यार्थिनी एमी कोनी बॅरेट यांना २००२ साली घेतले. २०१७ साली न्यायाधीशपदाच्या सुनावणीत बॅरेट यांच्या श्रद्धेवर सिनेटमध्ये बोट ठेवले गेले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव आले तेव्हा त्याच विद्यापीठाच्या ८८ अध्यापकांनी, निवडणूक होईपर्यंत त्यांनी ही प्रक्रिया थांबवायला सांगावी, असे उघड पत्र लिहिले. संस्थेचा कॅथलिकपणा दोन्ही बाजूंना पेलता आला, कारण तो वर्षानुवर्षांच्या निवडीतून आला होता.

फादर रॉबर्ट ड्रिनन यांचे उदाहरण त्याहून जुने आणि मला अधिक बोलके वाटते. जेझुइट या कॅथलिक संघाचे हे धर्मगुरू १९५६ ते १९७० बॉस्टन कॉलेज लॉ स्कूलचे अधिष्ठाता होते, मग दहा वर्षे अमेरिकी काँग्रेसमध्ये. निक्सन यांच्यावर महाभियोगाचा पहिला ठराव त्यांनी १९७३ साली मांडला. गर्भपाताच्या कायद्याबद्दलची त्यांची भूमिका चर्चला अजिबात रुचणारी नव्हती. १९८० साली पोपचा आदेश आला, धर्मगुरूने निवडणूक लढवू नये, आणि ड्रिनन यांनी तो मुकाट मानला. पुढे २००७ साली मृत्यू येईपर्यंत ते जॉर्जटाउनमध्ये शिकवत राहिले. गर्भपातावरचे त्यांचे १९९६चे लेखन वादग्रस्त ठरले. पुढच्या वर्षी त्यांनी ते मागे घेतले, पण त्यांचा वर्ग चालूच राहिला. धर्मगुरू म्हणून आज्ञापालन आणि अध्यापक म्हणून स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकाच माणसात नांदल्या, कारण चर्चचा अधिकार कुठे लागतो आणि विद्यापीठाचा कुठे, याची सीमा सगळ्यांनी पाळली.

हीच सीमा सरकारलाही लागू होते. मार्च २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी वकिलांनी जॉर्जटाउन लॉला कळवले, की विविधता आणि समावेशनाचे शिक्षण बंद केल्याशिवाय तिथल्या विद्यार्थ्यांना आपण नोकरीत घेणार नाही. अधिष्ठाता विल्यम ट्रेनर यांनी उत्तरात पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला आणि जेझुइट, कॅथलिक संस्था म्हणून असलेल्या ध्येयावर हा घाला असल्याचे म्हटले. काय शिकवायचे हे अध्यापकांनी ठरवायचे, हा हक्क इथे श्रद्धेच्या नावाने मागितला गेला.

हाच पेच आपल्याकडे १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे आला. अहमदाबादच्या जेझुइटांचे सेंट झेवियर्स कॉलेज गुजरात सरकारविरुद्ध गेले होते. विद्यापीठ कायद्यानुसार अध्यापकाला काढायचे तर चौकशी हवी, आणि शिवाय कुलगुरूंची संमती हवी. अनेक न्यायमूर्तींचा मुख्य आक्षेप होता तो कोणत्याही निकषाविना दिलेल्या संमतीच्या अधिकारावर. राज्यघटनेच्या ३०व्या कलमाखाली अल्पसंख्याक संस्था त्यातून सुटली. संस्था सरकारपासून मोकळी झाली खरी, पण संस्थेने अन्याय केला तर अध्यापकाने कुठे जायचे हा प्रश्न उरला.  २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची सोय सुचवली: कारवाईसाठी सरकारची पूर्वसंमती नको, पण खातेनिहाय चौकशी हवी, आणि काढलेल्या अध्यापकाला दाद मागण्यासाठी न्यायाधिकरण हवे, तोवर जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी ते काम पाहील. आवे मारियाच्या अध्यापकांना असे दार २००७ साली उघडे असते, तर अमेरिकेतल्या सर्वांत धर्मनिष्ठ लॉ स्कूलची पहिली पिढी विखुरण्याआधी निदान एकदा तरी त्यांचे म्हणणे त्रयस्थापुढे मांडले गेले असते.