दोष झाकावयाचा नाही : डेबियन प्रकल्पाची दोषनोंद

ज्या कार्यात अनेकांचे हात गुंतलेले असतात, त्यात दोष राहणे अपरिहार्य होय. प्रश्न एवढाच उरतो की, दोष लिहून ठेवावयाचा की झाकून? संगणकाच्या क्षेत्रात डेबियन प्रकल्पाने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेला हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक चालवितात. त्यातील आज्ञावली कोणासही घेता, वाचता व सुधारता येते. १९९७ साली स्वीकारलेल्या आपल्या 'सामाजिक करारा'त प्रकल्पाने दोष न लपविण्याचे आणि त्यांची नोंद सर्वांस खुली ठेवण्याचे वचन दिले.

ही नोंदव्यवस्था इयान जॅक्सन यांनी १९९४ साली प्रथम रचिली. तिची रीत साधी आहे. ज्यास दोष आढळतो तो आज्ञावलीचे नाव, तिची आवृत्ती आणि काय केले असता काय घडले, हे ई-मेलने कळवितो. त्या पत्रास क्रमांक मिळतो आणि ते संबंधित स्वयंसेवकाकडे जाते. पुढील सारी चर्चा त्याच क्रमांकाखाली साठत जाते. दोष दूर झाला की नोंद बंद होते; तो पुन्हा दिसल्यास ती पुन्हा उघडता येते.

दोषांच्या ७ श्रेणी आहेत. वरच्या ३ श्रेणींतील दोष नव्या आवृत्तीचे प्रकाशन रोखू शकतात. सर्वांत खालची श्रेणी 'विशलिस्ट', म्हणजे इच्छांची. तेथे काही बिघडलेले नसते. काही व्हावे अशी अपेक्षा असते. ज्यांना कोणी वाली उरला नाही अशा आज्ञावली आणि नव्याने हाती घ्यावयाची कामे यांचीही नोंद याच व्यवस्थेत होते. म्हणजे काय चुकले आणि काय करावयाचे राहिले, हे एकाच ठिकाणी वाचावयास मिळते.

तथापि नोंद म्हणजे निवारण नव्हे, हेही आम्ही येथे सांगितले पाहिजे. ओपनएसएसएल ही आज्ञावली गुप्त संदेशवहनासाठी लागणाऱ्या चाव्या तयार करते. तिच्याविषयीच्या एका तक्रारीवर उपाय म्हणून डेबियनमध्ये २००६ साली काही ओळी गाळण्यात आल्या. तक्रार मिटली, परंतु चाव्यांतील यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. प्रत्येक प्रकारच्या चावीसाठी सुमारे ३२ हजार पर्यायच उरले आणि एवढे तपासून पाहणे संगणकास मुळीच कठीण नाही. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला. दुर्बल चाव्या टाकून देऊन जगभर नव्या कराव्या लागल्या.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. खुली नोंद असूनही, जाणत्या नजरेने ती तपासणारे कोणी नसेल तर दोष दोन वर्षे टिकतो. परंतु तीच नोंद खुली असल्यामुळे तो बदल का व कसा झाला, हे पुढे कोणासही वाचता आले. आपल्या चुकीचा माग दुसऱ्यास घेता यावा अशी सोय स्वतःहून करून ठेवणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवावयास, आमच्या मते, सबळ कारण आहे.