पीएस४ की एक्सबॉक्स वन: कोणाची मेमरी खरंच वेगवान?

२०१३ साली आलेल्या या दोन्ही कन्सोलमध्ये रॅम ८ जीबीच. पण पीएस४ची जीडीडीआर५ सेकंदाला १७६ जीबी डेटा पुरवते, एक्सबॉक्स वनची डीडीआर३ साधारण ६८. 'पण जीडीडीआर५ची लेटन्सी जास्त असते ना?' असं एक्सबॉक्सवाले लगेच म्हणतात.

लेटन्सी म्हणजे नळ सोडल्यावर पहिला थेंब यायला लागणारा वेळ. बँडविड्थ म्हणजे पाइपची जाडी. जीडीडीआर५ला क्लॉक सायकल जास्त लागतात, पण प्रत्येक सायकल छोटी. नॅनोसेकंदांत मोजलं तर फरक फारसा उरत नाही. शिवाय ग्राफिक्स चिप एका डेटाची वाट पाहताना इतर शेकडो कामं उरकते. तिला थेंब उशिरा आलेला चालतो, धार बारीक झालेली नाही.

मायक्रोसॉफ्टने तोडगा म्हणून चिपमध्येच ३२ एमबी वेगवान ईएसरॅम बसवली. तरीही 'कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स' पीएस४वर १०८०पी, तर इथे ७२०पी (जीपीयूही कमजोर होता म्हणा). २०१७च्या एक्सबॉक्स वन एक्समध्ये ईएसरॅम गेली आणि १२ जीबी जीडीडीआर५ आली.