तीर्थपुरी : पाटाचे पाणी, ऊस आणि सर्पदंश

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले नगरपंचायतीचे गाव. जालन्याहून अंबड ओलांडून गोदावरीच्या दिशेने उतरत गेले, की काळ्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीचा पट्टा सुरू होतो. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे आणि नदीपलीकडे बीड जिल्हा. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात असल्याने बाहेरच्या लोकांना हा भाग त्या निमित्ताने माहीत असतो. आसपासच्या शेतकऱ्याला मात्र तीर्थपुरी म्हटले की साखर कारखाना आठवतो. समर्थ सहकारी साखर कारखान्याचे ‘सागर’ युनिट इथे आहे, आणि गाळप हंगामात रस्त्यांवर उसाने लादलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या यांचेच राज्य असते.

हा ऊस इथला मूळचा नव्हे. ज्वारी, बाजरी आणि कापूस ही या काळ्या मातीची जुनी पिके. पैठणला जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले. त्याचा डावा कालवा छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी असा पूर्वेकडे गेला आणि वाटेत घनसावंगी तालुक्याचाही भाग भिजवू लागला. पाणी आले तसा ऊस आला, मोसंबीच्या बागा वाढल्या. ज्वारी चार महिन्यांत निघते, रान मोकळे होते, नांगर फिरतो. ऊस वर्ष-दीड वर्ष जागचा हलत नाही. त्याच्या बुडाशी पाचटाचा थर साचतो, ओल टिकते, सावली राहते आणि कांड्यांचा गोडवा उंदीर-घुशींना बारमाही पुरतो. कालव्याचे भराव आणि शेताचे बांध बिळांनी पोखरले जातात. उंदरामागे साप येणे ओघानेच आले. सर्पदंशाकडे नशिबाचा किंवा दैवी कोपाचा विषय म्हणून पाहण्याची सवय गावोगाव आहे. खरे तर तो पीकपद्धती आणि मजुरीच्या वेळापत्रकाचा विषय आहे.

माणसाचा जीव घेणारे साप महाराष्ट्रात मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे कोकणात अधिक बदनाम; मराठवाड्यात त्याचा वावर खडकाळ, कोरड्या माळांना धरून असतो. काळ्या रानात गाठ पडते ती बाकीच्या तिघांशी. घोणस जाडजूड आणि सुस्त असते. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके असल्याने पाचटात पडलेली असली तर हातभरावरूनही दिसत नाही. डिवचली गेली की प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते, पण पाय आधीच अंगावर पडलेला असेल तर त्या इशाऱ्याचा उपयोग राहत नाही. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस-पंचवीस पिल्ले ही नवलाची गोष्ट नाही, आणि प्रत्येक पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असते. मण्यार निशाचर; काळसर-निळ्या अंगावर पांढरे बारीक जोडपट्टे. बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारले जाते आणि डुरक्या घोणसीला खरी घोणस समजून. उलट चूकही होते, आणि ती महागात पडते.

दंश कोणाला होतो हे इथल्या कामांकडे पाहिले की कळते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या दाखल होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. राहायला कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, निजायला जमीन. भल्या पहाटे, उजाडण्याआधीच तोड सुरू होते. बाई मोळ्या बांधायला पाचटात हात घालते. पावसाळ्यात धोका याहून मोठा. बिळांत पाणी शिरल्यावर साप बाहेर पडतात, आणि जून ते सप्टेंबर हेच निंदणी-खुरपणीचे दिवस असतात. पुढे सोयाबीन काढून गंजी लावली जाते. मळणीच्या वेळी तिची खालची पेंढी उचलताना हात कशावर पडेल याचा भरवसा नसतो. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की शेतकरी अंधारात दारे धरायला जातो, बहुधा अनवाणी किंवा स्लीपर घालून. म्हणूनच बहुतेक दंश पायाला होतात, गुडघ्याच्या खाली.

प्रत्येक सापाच्या विषाची चाल वेगळी आहे. नागाचे विष नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो, पण तो घेणारी जागा विषाने अडवलेली असते. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे अडखळते, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. दंशाची जागा सुजते, काळी पडते. मण्यारीचे विष याच सांध्यावर पलीकडून, नसेच्या टोकावर घाव घालते आणि ते टोकच निकामी करते. मग ते नव्याने तयार होईपर्यंत, म्हणजे काही दिवस, रुग्णाला व्हेंटिलेटरवर जगवावे लागते. मण्यारीचा दंश जवळजवळ दुखतच नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री चावा होतो, त्याला मुंगी चावल्याइतकेही कळत नाही, आणि पहाटे तो पोटात दुखते म्हणून उठतो. अंगावर खूण सापडत नाही, म्हणून अपचन समजून ओवा दिला जातो. पोटदुखीबरोबर पापण्या मिटू लागल्या असतील तर तो मण्यारीचा दंश, असे पावसाळ्यात धरूनच चालावे लागते.

घोणसीचे विष रक्तावर जाते. रक्त गोठवणारी घटकांची साखळी ते इतक्या जोराने सुरू करते, की ते घटक वापरून संपतात. नंतर रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. पाय मांडीपर्यंत सुजतो. मूत्रपिंडे बंद पडली तर डायलिसिसची वेळ येते.

रक्त गोठते की नाही हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि ग्रामीण दवाखान्यासाठी हीच सर्वांत कामाची गोष्ट आहे. रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली असली तरी निकाल फसतो. नळी उभी ठेवून वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. मग हलकेच कलती करायची. रक्ताची गुठळी जागच्या जागी राहिली तर ठीक. रक्त पातळच वाहिले तर विष चढले आहे हे नक्की. दर सहा तासांनी हीच चाचणी पुन्हा होते, कारण प्रतिसर्पविषाने विष निष्प्रभ झाल्यावर यकृताला गोठणाचे घटक पुन्हा तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो.

प्रतिसर्पविष, लोकांच्या तोंडी ‘सापाची लस’, हे विषबाधेवरचे एकमेव नेमके औषध. भारतात मिळणारी लस चारही सापांवर एकत्रित चालते. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. त्या खटपटीत वेळ जातो आणि कधी कधी दुसऱ्या माणसालाही दंश होतो. सुरुवातीचा डोस आठ ते दहा कुप्यांचा. हा आकडा हवेतला नाही. घोणस एका दंशात सरासरी साठेक मिलिग्रॅम विष सोडते. लसीचा एक मिलिलिटर घोणसीचे 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. कुपी दहा मिलिलिटरची. म्हणजे दहा कुप्या, शंभर मिलिलिटर, साठ मिलिग्रॅम. लहान मुलालाही डोस तितकाच, कारण सापाने विष वय पाहून कमी सोडलेले नसते. लस घोड्याच्या रक्तातून आलेली असल्याने काही रुग्णांना तिची तीव्र ॲलर्जी येते. त्यासाठी ॲड्रिनॅलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार ठेवूनच ती शिरेवाटे सुरू करतात. अनेक डॉक्टरांना नेमकी या ॲलर्जीचीच धास्ती असते, आणि रुग्ण लस न देता पुढच्या गावी पाठवला जातो. जालन्याचे जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठेपर्यंत जो वेळ जातो, तो विषाला मिळतो. लक्षणे दिसत असतील तर पहिला डोस जवळच्या केंद्रातच देऊन मग 108च्या रुग्णवाहिकेने पुढे पाठवणे, हाच शहाणपणा.

दवाखान्याआधीचा तास बहुधा गावात जातो. पान लागले, म्हणजे साप चावला, की माणसाला मारुतीच्या पारावर नेण्याची रीत अजून पुरती सुटलेली नाही. कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढले. मांत्रिकाचे यश फुकाचे असते असेही नाही. साप बिनविषारी असेल, किंवा विषारी सापाने कोरडाच दंश केला असेल, तर रुग्ण मंत्राशिवायही वाचणार असतो, आणि अशा दंशांची संख्या मोठी आहे. श्रेय मंत्राला जाते आणि पुढच्या वेळी मण्यारीचा रुग्णही तिथेच नेला जातो. दोरीने पाय करकचून आवळणे, ब्लेडने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे हे सारे अपायकारक. रक्त न गोठणाऱ्या रुग्णाला चिरा देणे तर जिवावर बेतते. दंश झालेला पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीने स्थिर करायचा, जोडवी-पैंजण-अंगठी सूज चढण्याआधी काढायची, रुग्णाला चालवायचे नाही. एवढाच प्रथमोपचार.

लसीच्या उत्पादनाशी मुंबईच्या परळचे जुने नाते आहे. हाफकिन संस्था 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपात थाटली गेली आणि पुढे सर्पविषाच्या कामासाठीही ओळखली जाऊ लागली. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत याने 1890च्या दशकात दाखवलेली रीत मुळात बदललेली नाही. घोड्याला विषाचे अगदी थोडे डोस वाढवत देत राहायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची, शुद्ध करायची. त्यासाठी लागणारे विष बव्हंशी तमिळनाडूतून येते; चेन्नईजवळची, 1978 मध्ये स्थापन झालेली इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था ते काढते. अडचण इथेच आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. दक्षिणेतल्या घोणसीच्या विषावर तयार केलेली लस गोदाकाठच्या घोणसीवर तितकीच चालेल असे गृहीत धरता येत नाही. महाराष्ट्रातल्या सापांचे विष त्यात मिसळण्याची मागणी म्हणूनच रास्त आहे.

विषबाधेच्या उपचारात जालना जिल्ह्याचे एक नाव जगभर गेले. डॉ. हिम्मतराव बावस्कर भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. त्यांनी काम केले ते रायगडमधल्या महाडला, लाल विंचवाच्या दंशावर. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वेळेवर दिले तर विंचूदंशाचे रुग्ण वाचतात, हे त्यांनी 1980च्या दशकात ‘लॅन्सेट’मधून मांडले, सर्पदंशावरही लिहिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन मोठ्या शहरातल्या संस्थेत झाले नाही, तालुक्याच्या गावी रुग्णाच्या खाटेशी बसून झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत जागा दिली. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी संशोधकांना घरोघरी विचारपूस करावी लागली, कारण यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते आणि रुग्णालयांच्या नोंदवहीत नव्हते. केंद्र सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत.

नोंदीचा प्रश्न तीर्थपुरीच्या शेतकऱ्यालाही थेट भिडतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे आणि शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. पण मृत्यू सापानेच झाला हे कागदावर यावे लागते. दवाखान्यातल्या मृत्यूचे कागद तयार असतात. पारावर किंवा घरात दगावलेल्या माणसाचे शवविच्छेदन न होता अंत्यविधी उरकला, तर दावा उभा राहणेच कठीण. सातबारावर नाव नसलेल्या, नदीपलीकडून किंवा त्याहून दुरून आलेल्या ऊसतोड मजुराचा तर शेतकरी म्हणून या योजनेशी संबंधच येत नाही, आणि पाचटात हात घालणारा बहुतेक वेळा तोच असतो.