युरिया उलगडतो, कॅल्शियम घडी बसवतं

हुमनाबादच्या खतदुकानात उसासाठी मिळणारा युरिया प्रयोगशाळेतही कामाचा! लिटरभर द्रावणात 480 ग्रॅम शुद्ध युरिया असला, की बहुतेक एन्झाइमांची घडी उलगडते आणि त्यांचं काम थांबतं. 45 किलोच्या पोत्याएवढ्या युरियात असं नव्वदेक लिटर द्रावण होईल. खरी गंमत पुढेच. युरिया काढून टाकला, की त्यातली कित्येक आपणहून जुनी घडी घालून पुन्हा कामाला लागतात. ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी हे गुराच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइमावर दाखवलं आणि 1972 चं नोबेल मिळवलं.

दात काढल्यावर सुजेसाठी देतात ती सेराशियोपेप्टिडेजची गोळी घ्या. हे एन्झाइम मूळचं रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूचं. जिवाणूच्या आत ते घडी घालतच नाही. उलगडलेलंच बाहेर पडतं आणि बाहेर कॅल्शियम भेटलं, की त्याची घडी बसते. प्रथिनं कापणारी कात्री घरात उघडायचीच नाही, असा हा बंदोबस्त! जठरातल्या आम्लात घडी मोडू नये म्हणून गोळीवर खास आवरण असतं. अर्थात घडी टिकली म्हणून गुण येईलच असं नाही. चाचण्यांत नुसत्या नावाच्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, तेव्हा जपानच्या टाकेडा कंपनीनं 2011 मध्ये ते बाजारातून काढून घेतलं.

सगळ्यांत अचाट खेळ बोटॉक्सचा. चेतापेशीतल्या आम्लधर्मी पिशवीत शिरलं, की त्याचा एक भाग पिशवीच्या भिंतीत अरुंद बोगदा करतो. दुसरा भाग, म्हणजे प्रत्यक्ष एन्झाइम, उलगडून त्या बोगद्यातून ओवला जातो आणि पलीकडे पुन्हा घडी घालतो. मग तो स्नायूला जाणारा निरोपच तोडतो. अमेरिकेत 1989 मध्ये याला परवानगी मिळाली ती सुरकुत्यांसाठी नव्हे, तिरळेपणासारख्या डोळ्यांच्या तक्रारींसाठी.

हुमनाबादवरून जाणारा हमरस्ता धरून पुण्याला गेलं, की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. पेनिसिलिन कापणाऱ्या एका जिवाणू-एन्झाइमाची घडी कशी असते, हे तिथल्या सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या शास्त्रज्ञांसोबत 1999 मध्ये जगापुढे मांडलं. पेनिसिलिन असं कापून मिळणाऱ्या गाभ्यापासूनच अमॉक्सिसिलिन बनतं.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं अस्पॅराजिनेज मात्र फार नाजूक. त्याचे चार सारखे भाग जुळलेले असले तरच ते चालतं, कारण कामाची जागा दोन भागांच्या सांध्यावर असते. म्हणून ते औषध थंड ठेवतात आणि बाटली जोरात हलवत नाहीत. फेस झाला, की बुडबुड्यांवर रेणू उलगडतात, एकमेकांना चिकटतात, आणि अशा गुंत्यातून जुनी घडी सहसा परत येत नाही.