थंडीतला राखणदार

ऊसतोड सुरू होते त्याच सुमारास जुन्नर-आंबेगावात गारठा वाढतो. मळ्यातल्या घरापुढे साखळीला बांधलेल्या कुत्र्यावर मग दोन संकटं येतात: थंडी आणि बिबट्या. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला.

म्हणून निवारा उबदार हवा, तसाच भक्कमही.

नुसता पत्र्याचा खोका रात्री बर्फासारखा गार पडतो. फळ्यांचं, जमिनीपासून वीतभर उंच, कुत्र्याला उभं राहून वळता येईल एवढंच घर करावं. जागा लहान असली की अंगाच्याच उबेने ती तापते. तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवावं. आत उसाचं सुकं पाचट किंवा भाताचा पेंढा जाड पसरावा. त्यात हवा अडकते आणि ऊब टिकते. गोणपाट मात्र दवाने ओलं झालं की उलट अंग गार करतं. पाचट दमट झालं की बदलावं, नाहीतर गोचिडं होतात.

भोवती जाड जाळी, वरूनही बंद. रात्री दार लावावं आणि साखळी सोडावी. पिल्लं, म्हातारी कुत्री शक्यतो घरातच घ्यावीत. संध्याकाळची भाकर थोडी वाढवावी, कारण थंडीत अंग तापतं ठेवायला जास्त अन्न लागतं.