वात विझेपर्यंत सौदे

उतागावा हिरोशिगे या चित्रकारानं १८३० च्या दशकात ओसाकातल्या नामांकित ठिकाणांची एक चित्रमाला केली. तिच्यातल्या दोजिमाच्या चित्रात देऊळ नाही, फुललेली चेरीची झाडं नाहीत. रस्त्यात पुरुषांची झुंबड उडाली आहे आणि त्या झुंबडीवर पाणी फेकलं जातंय. पाहणाऱ्याला वाटावं, आग लागली असेल, नाहीतर मारामारी जुंपली असेल. यातलं काहीच नाही. बाजाराची वेळ संपली आहे आणि दलाल घरी जायला तयार नाहीत, एवढंच.

हा तांदळाचा बाजार. गंमत म्हणजे तिथे तांदळाचं पोतं औषधालाही सापडलं नसतं. तांदूळ होता जवळच, पाण्याच्या पलीकडे. ओसाकाच्या मधोमध नदीचे दोन फाटे वाहतात, उत्तरेला दोजिमा आणि दक्षिणेला तोसाबोरी. त्यांच्यामधलं लांबोळकं बेट म्हणजे नाकानोशिमा. आज तिथे महापालिका, संग्रहालयं आणि उंच कचेऱ्या आहेत. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीच शतकांत, या बेटावर आणि आसपासच्या काठांवर देशभरच्या सरदारांची कोठारं होती. भरभराटीच्या दिवसांत त्यांची संख्या शंभरावर गेली होती.

त्या काळचा जपानी राज्यकारभार तांदळावर चालायचा. शेतसारा तांदळात, सामुराईचा तनखा तांदळात आणि सरदाराची ऐपत मोजायची तीही तांदळातच. माप होतं कोकु, सुमारे दीडशे किलोचं. एका माणसाला वर्षभर एवढा तांदूळ पुरतो, असा हिशेब. पण सरदाराला एका वर्षाआड लवाजम्यासह एदोला, म्हणजे आजच्या टोक्योला, जाऊन राहावं लागे. तिथला वाडा, नोकरचाकर, रेशीम, नजराणे यांना रोकड लागायची. मग जहागिरीतला तांदूळ गलबतांत भरून ओसाकाला धाडायचा आणि विकून चांदी करायची. ओसाकाला देशाचं स्वयंपाकघर म्हणत ते याच कारणानं. नाव घरगुती असलं तरी शहर पक्कं व्यापारी होतं. सामुराई इथे मूठभर, आणि शहराची नाडी सावकार, अडते आणि गलबतवाल्यांच्या हातात.

या बाजाराची सुरुवात एका घराच्या दारात झाली. योदोया हे सतराव्या शतकातलं ओसाकाचं बडं व्यापारी घराणं. सरदारांचा तांदूळ विकून द्यायचा, त्यांना आगाऊ कर्ज द्यायचं, हा धंदा. किताहामा भागात त्यांच्या घरासमोर दलाल जमायचे आणि तिथल्या तिथे भाव फुटायचा. गर्दीची सोय व्हावी म्हणून योदोयांनी पदरचा पैसा घालून पूल बांधला. योदोयाबाशी हे नाव आज ओसाकाच्या मेट्रोचा प्रत्येक प्रवासी घेतो. १७०५ साली एदोतल्या लष्करी शासकाच्या, म्हणजे शोगुनच्या, सरकारनं या घराण्याची सगळी मालमत्ता जप्त केली. कारण सांगितलं गेलं की व्यापाऱ्याला न शोभणारा थाटमाट. खरं कारण लोक ओळखून होते: कित्येक सरदार त्यांचे देणेकरी होते. तोवर बाजार मात्र त्यांच्या दारातून उठून दोजिमाला गेला होता.

कोठाराकडून तांदूळ घेणाऱ्याला पोती मिळत नसत, मिळायची चिठ्ठी. एक चिठ्ठी दहा कोकुंची. ती कोठारात दाखवली की तांदूळ मिळायचा, पण दाखवायची घाई कोणाला? चिठ्ठी हातोहात विकता यायची, सावकाराकडे गहाण टाकता यायची. सरदारांच्या कारकुनांनाही लवकरच उमगलं की सगळे चिठ्ठीवाले एकाच दिवशी दारात येत नाहीत. मग कोठारात आहे त्याहून जास्त तांदळाच्या चिठ्ठ्या निघू लागल्या. पुढच्या वर्षीचं पीक अजून खाचरात उभं राहायचं असताना त्याचा कागद ओसाकात फिरायचा. एखाद्या जहागिरीबद्दल कुजबुज सुरू झाली की चिठ्ठीवाले कोठारावर धावून जायचे, आणि आत पोती नसायची. १७६१ साली सरकारला पोकळ चिठ्ठ्यांवर बंदीचा हुकूम काढावा लागला.

दोजिमाचं खरं कसब मात्र दुसऱ्या प्रकारच्या सौद्यात होतं. त्यात चिठ्ठीही नव्हती. फक्त वही. एकेका हंगामासाठी एका प्रांताचा तांदूळ नमुना म्हणून ठरायचा, कधी हिरोशिमाचा, कधी क्यूशूतल्या चिकुझेन किंवा हिगोचा. त्या नमुन्याचे शंभर कोकु हे सौद्याचं एकक. वर्षाचे हंगाम तीन. हंगाम संपायच्या आत उलटा सौदा करून मोकळं व्हायचं आणि भावातला फरक चांदीत चुकता करायचा. दलाल एकमेकांच्या दारात वसुलीला जात नसत. त्यासाठी वेगळ्या पेढ्या होत्या. त्या अनामत ठेवून घ्यायच्या, दोन्ही बाजूंचे हिशेब जुळवायच्या आणि कोणाकडून किती येणं हे काढून द्यायच्या.

वरवर हा सट्टाच, आणि सट्टा करणारे तिथे पुष्कळ होते. पण ज्याच्या तिजोरीत खऱ्या तांदळाच्या चिठ्ठ्या पडून आहेत त्या व्यापाऱ्याच्या बाजूनं पाहा. भाव पडेल या धास्तीनं तो वहीत तेवढाच तांदूळ विकून ठेवी. भाव पडलाच तर चिठ्ठीत खोट यायची आणि वहीत नफा. त्याला रात्री झोप लागायची. शिकागोचा धान्यबाजार १८४८ चा. त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी ही सगळी यंत्रणा ओसाकात रुळलेली होती. दोजिमाला म्हणूनच जगातला पहिला संघटित वायदे बाजार म्हणतात. पहिलेपणाच्या वादात मला फारसा रस नाही. ॲमस्टरडॅमवालेही आपला दावा मांडतातच. मला नवल वाटतं ते त्या पेढ्यांचं. अनोळखी माणसाशी बिनधास्त सौदा करता यावा, त्याची पत कोणीतरी तिसऱ्यानं सांभाळावी, हे त्यांना कोणा पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

आणि ती वात. तोड्याच्या बंदुकीला लावतात तसल्या वातीचा तुकडा एका खोक्यात टांगून पेटवायचे. ती जळेपर्यंत सौदे चालू, विझली की बंद. शेवटच्या क्षणी भाव सगळ्यात जोरात हलायचा, म्हणून विझल्यावरही हात वर आणि आरडाओरडा चालूच. अशा वेळी बाजारानं नेमलेले पाणके पुढे व्हायचे आणि गर्दीवर पाणी टाकायचे. तेवढ्यानं भागलं नाही तर आणखी टाकायचे.

सरकारी मान्यता आली ती १७३० साली, जपानी पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या तेराव्या दिवशी. त्याआधी वहीवरचे सौदे म्हणजे जुगार, असं म्हणून सरकार अधूनमधून दलालांना धरत असे. मग मन का बदललं? तेव्हाचा शोगुन तोकुगावा योशिमुने. पिकं चांगली येत होती, नव्या जमिनी लागवडीखाली आल्या होत्या, नाणं कडक केलं होतं, आणि तांदळाचा भाव घसरत चालला होता. शहरातल्या गरिबाला बरं, पण तांदळात पगार घेणाऱ्या सामुराईचे हाल. भाव चढवायचा कसा, या चिंतेत योशिमुनेची कारकीर्द गेली. लोक त्याला तांदूळ-शोगुनच म्हणत. आधी त्यानं एदोतल्या व्यापाऱ्यांच्या हातात ओसाकाचा बाजार देऊन पाहिला. दोजिमाचे दलाल खवळले, अर्जविनंत्या घेऊन थेट एदोपर्यंत गेले. शेवटी सरकारनं हात टेकले आणि जो बाजार आपोआप चाललाच होता त्याला परवाना दिला. सट्टेबाज आले म्हणजे मागणी येईल आणि भाव वर जाईल, ही आशा.

दोनच वर्षांनी पश्चिम जपानात पिकावर किडीची धाड आली आणि दुष्काळ पडला. भाव असा चढला की १७३३ साली एदोतल्या जमावानं ताकामा देनबेई या धान्य व्यापाऱ्याचं घर फोडलं. हा तोच देनबेई, ज्याला सरकारनं भाव चढवण्यासाठी खरेदीला लावलं होतं. पुढे पुन्हा स्वस्ताई आली, तेव्हा १७३५ मध्ये योशिमुनेनं किमान भाव बांधून दिला. तो काही टिकला नाही. राज्यकर्त्यांना भाव ठरवणारा बाजार हवा असतो आणि ठरलेला भाव नको असतो, ही दोजिमाची कुंडली तेव्हापासूनची.

भाव ओसाकाबाहेर जायचा तो आधी जासुदांच्या पायांनी, पुढे डोंगरमाथ्यांवरून. एका माथ्यावरचा माणूस मोठं निशाण ठरलेल्या खुणांनी हलवायचा, दूरच्या माथ्यावरचा दुर्बिणीतून वाचून पुढे हलवायचा. हिरोशिमापर्यंतचं जवळजवळ तीनशे किलोमीटरचं अंतर भाव तासाच्या आत कापायचा. निशाण हलवायचे असे डोंगर अजून त्या नावानं ओळखले जातात. कोबेजवळच्या सुमा भागात हाताफुरियामा आहे, तिथे आता रविवारी गिर्यारोहक डबे उघडून बसतात. टेलिफोन आल्यावर ही माणसं बेकार झाली.

ओसाकानं या बाजारावर विचारही केला. यामागाता बांतो (१७४८ ते १८२१) हा मासुया या पेढीचा मुनीम, आणि व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी १७२४ साली निघालेल्या काइतोकुदो विद्यालयाचा विद्यार्थी. कर्जात बुडालेल्या सेन्दाईच्या जहागिरीला त्यानं वर काढलं, त्याची गोष्ट काइहो सेइर्यो या समकालीन लेखकानं सांगितली आहे. तांदूळ तपासताना पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर नमुना काढतात. बांतोनं जहागिरीला म्हटलं, आमच्या खर्चापोटी तेवढा नमुन्याचा तांदूळ आम्हाला द्या. मूठभर तांदळाला कोण नाही म्हणणार? लाखो पोत्यांतल्या त्या मुठींवर मासुयाची पेढी मालामाल झाली. पुढे दृष्टी गेली तरी हा माणूस सांगून लिहवून घेत मोठा ग्रंथ पुरा करत राहिला. दोजिमाच्या भावात साऱ्या देशाचं शहाणपण एकवटतं, असं त्याचं मत. पाऊस, पीक, गलबतं, अफवा, सगळं त्या एका आकड्यात येतं. एवढी अक्कल एकट्या अधिकाऱ्याकडे कुठून असणार?

त्याच शहरात, बांतोच्या मागून सोळा वर्षांनी, ओशिओ हेइहाचिरोनं उत्तर दिलं. हा निवृत्त पोलीस अधिकारी आणि नावाजलेला पंडित. १८३० च्या दशकातल्या दुष्काळात माणसं रस्त्यावर मरत होती आणि ओसाकाचा तांदूळ एदोला रवाना होत होता. हेइहाचिरोनं आपली पुस्तकं विकून गरिबांना पैसे वाटले, आणि १८३७ साली शिष्यांना आणि शेतकऱ्यांना घेऊन तोफांसह व्यापाऱ्यांच्या वाड्यांवर चालून गेला. बंड एका दिवसात मोडलं, पण आगीत शहराचा सुमारे पाचवा हिस्सा गेला. लपून बसलेला हेइहाचिरो वेढला गेला तेव्हा त्यानं आत्महत्या केली. बांतो बाजाराबद्दल खरं बोलला असं मला वाटतं. फक्त भावात शहाणपण एकवटतं ते खिशात चांदी असलेल्यांचं. उपाशी माणसाला त्या रस्त्यावर हात वर करता येत नव्हता.

एदो काळ संपल्यावर आलेल्या मेइजी सरकारनं १८६९ साली बाजार बंद केला आणि दोन वर्षांनी पुन्हा उघडला. ओसाकाचं पोट तोवर सुताकडे वळू लागलं होतं. इथल्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता, त्यासाठी १८९३ साली टाटांच्या मदतीनं जपानी कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली. सट्ट्याची खाज मात्र तशीच राहिली. तिचं स्मारक नाकानोशिमावर उभं आहे: लाल विटांचं सार्वजनिक सभागृह. किताहामाचा शेअर दलाल इवामोतो एइनोसुके यानं अमेरिकेतल्या धनिकांची दानाची पद्धत पाहून १९११ साली शहराला दहा लाख येन दिले. पहिल्या महायुद्धातल्या तेजीत तो उलट्या बाजूला अडकला, बुडाला आणि १९१६ मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. सभागृह १९१८ मध्ये पुरं झालं. त्याच वर्षी तोयामाच्या कोळिणींनी तांदळाच्या महागाईविरुद्ध आवाज उठवला, दंगे देशभर पसरले, ओसाकाही पेटलं, आणि पंतप्रधान तेराउचींचं सरकार गडगडलं.

युद्धाच्या धामधुमीत १९३९ साली तांदूळ सरकारी ताब्यात गेला आणि दोजिमाचा बाजार संपला. पुढे सत्तरहून जास्त वर्षं तांदळाचा वायदा नव्हता. २०११ मध्ये चाचणी म्हणून तो सुरू झाला, मुदतवाढी मिळत राहिल्या, आणि २०२१ मध्ये कृषी मंत्रालयानं कायमची परवानगी नाकारली. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था पहिल्यापासून विरोधात होत्या. नदीकाठी २०१८ पासून ओसाकाचेच वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी घडवलेला तांदळाचा प्रचंड दाणा आहे. वायदा मात्र २०२४ साली परत आला, या वेळी तांदळाच्या सरासरी भावाच्या निर्देशांकावर. सुरुवातीची तारीख १३ ऑगस्ट, पुन्हा आठव्या महिन्यातली तेरावी. पोतं यातही हलत नाही, फरक रोखीत चुकवायचा.

मुहूर्त अफलातून लागला. त्याच उन्हाळ्यात दुकानांतले तांदळाचे कप्पे रिकामे पडू लागले. पाच किलोचं पाकीट, जे दोन हजार येनांच्या आसपास मिळायचं, ते २०२५ च्या वसंतात चार हजारांवर गेलं. सरकारनं राखीव साठा बाजारात ओतला. कृषिमंत्री एतो यांनी एका सभेत सांगून टाकलं की आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागलेला नाही, समर्थक भरपूर देतात. मे महिन्यात त्यांना खुर्ची सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या कोइझुमी शिंजिरो यांनी लिलाव थांबवला, साठ्यातला तांदूळ थेट दुकानदारांना द्यायचं ठरवलं आणि गिऱ्हाइकाला पाकीट दोन हजार येनांच्या घरात मिळेल, असा भाव स्वतःच जाहीर करून टाकला.